कानातली शिट्टी, नऊ महिने : ताशा वाजवणाऱ्या एका वाचकाच्या पत्राला उत्तर

पत्र (थोडक्यात) : वय ३९, राहायला कोथरूडला, नोकरी बँकेत. आठ वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. गेल्या अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून घरी आले तेव्हा दोन्ही कानांना दडे बसले होते. उजवा दोन दिवसांत मोकळा झाला. डाव्या कानात मात्र कुकरची शिट्टी अडकून बसावी तसा बारीक आवाज सुरू झाला, तो आज नऊ महिने चालू आहे. आपोआप जाईल म्हणून तीन आठवडे थांबले, आईने लसणीचं तेलही घातलं. मग ईएनटी डॉक्टरांना दाखवलं. ऐकण्याच्या तपासणीचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. बीटाहिस्टिनच्या गोळ्या, बी-१२ ची इंजेक्शनं आणि मी स्वतः ऑनलाइन मागवलेल्या गिंको या वनस्पतीच्या कॅप्सूल, सगळं करून झालं. डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय, पण ट्यूमर निघाला तर, या भीतीने टाळते आहे. रात्री अडीचला जाग येते आणि मग झोप लागत नाही. सकाळी उठल्या उठल्या कान बोटांनी बंद करून आवाज कमी झाला का ते बघते. कान आणखी खराब होऊ नये म्हणून दिवसभर कापसाचे बोळे किंवा इअरप्लग घालून असते. आता भांडं आपटलं तरी सहन होत नाही. घरचे म्हणतात, लक्ष देऊ नकोस. तीनच गोष्टी सांगा : हे बरं होणार का? मी बहिरी होणार का? आणि आषाढात तालमी सुरू होतील, मी पुन्हा ताशा गळ्यात अडकवू का?

नमस्कार.

आधी तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं. बहिऱ्या होणार नाही. कानातल्या आवाजामुळे ऐकणं कमी होत नसतं. ऐकण्यात कुठेतरी तूट आली म्हणून तो आवाज आलेला असतो. मोठ्या आवाजाने झालेली इजा तो आवाज थांबला की साधारण तिथेच थांबते. बरं होण्याबद्दल : नऊ महिन्यांनी ‘एक दिवस पूर्ण शांतता होईल’ असं वचन कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण त्या आवाजाचा त्रास उतरणं, दिवसाचे तासन् तास तो लक्षातही न येणं, झोप परत येणं, हे बहुतेकांच्या बाबतीत होतं आणि तुमच्या बाबतीत न होण्याचं कारण पत्रात दिसत नाही. ताशाचं उत्तर शेवटी सविस्तर देतो. या वर्षीपुरतं ते ‘नाही’ असं आहे.

आता तुमचा रिपोर्ट समोर घ्या. त्या आलेखावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळ्या फुल्या म्हणजे डावा. आडवे आकडे २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे खालच्या पट्टीपासून अगदी वरच्या पट्टीपर्यंतचे सूर. उभे आकडे डेसिबलचे, आणि फुली जितकी खाली तितकं ऐकू यायला जास्त आवाज लागतो. २५ पर्यंत सगळं ठीक धरतात. तुमचा उजवा कान सगळीकडे १५ ते २० मध्ये आहे. डावासुद्धा २००० हर्ट्झपर्यंत तसाच आहे, मग ४००० ला एकदम ४५ वर उतरतो आणि ८००० ला पुन्हा २५ वर चढतो. हा जो खड्डा आहे ती मोठ्या आवाजाच्या इजेची नेहमीची खूण. कानाच्या नळीची लांबीच अशी असते की २५०० ते ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिच्यात आपोआप वाढतो, आणि आतल्या शंखाकृती भागात इजा होते ती त्याच्या किंचित वरच्या पट्टीत. म्हणून खड्डा ४००० पाशी पडतो.

त्या शंखाच्या आत दर कानात साधारण १२,००० बाहेरच्या आणि ३,५०० आतल्या केसपेशी (केसासारखी टोकं असलेल्या, आवाज टिपायला लागणाऱ्या पेशी) असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ४००० च्या जागेवरून मेंदूला येणारा संदेश क्षीण झाला, म्हणून मेंदूने त्या पट्टीपुरतं आपलं बटण वाढवून ठेवलं. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसताना आवाज मोठा केला की गाण्याआधी खरखर वाढते, तसंच हे. तुमच्या शिट्टीची पट्टीसुद्धा बरोबर त्याच खड्ड्यात आहे. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय बघा : ‘४००० हर्ट्झ, ६ डीबी एसएल’. म्हणजे मशीनवरचा सूर तुमच्या शिट्टीशी जुळवला तेव्हा तो, त्या कानाला जेमतेम ऐकू येईल त्यापेक्षा फक्त ६ डेसिबलने मोठा होता. बहुतेकांची शिट्टी दहा डेसिबलच्या आतच जुळते. जिने नऊ महिने झोप उडवली ती मोजली तर एवढीशी निघते.

तुम्ही त्रास वाढवून सांगताय असा याचा अर्थ अजिबात नाही. त्रास किती होतो हे आवाजाच्या मोठेपणावर ठरत नाही, मेंदूने त्या आवाजावर कोणता शिक्का मारलाय त्यावर ठरतं. शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असेल तर त्याच्या किंचित कुरकुरण्यानेही आई जागी होते, आणि तीच आई रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकने उठत नाही. तुमच्या शिट्टीवर पहिल्याच रात्री ‘धोका’ असा शिक्का बसला, कारण ती इजेबरोबर आली आणि मागोमाग बहिरेपणाची, ट्यूमरची भीती आली. धोक्याच्या आवाजाकडे मेंदू दुर्लक्ष करत नाही, करूही शकत नाही. त्यामुळे घरच्यांचं ‘लक्ष देऊ नकोस’ कितीही प्रेमाचं असलं तरी उपयोगाचं नाही. काम करायचंय ते शिक्का पुसण्याचं. ते हुकमाने होत नाही, सवयीने होतं, आणि त्याला महिने लागतात. सहा महिने ते दीड वर्ष ही साधारण मुदत धरून चला.

सगळ्यात आधी सकाळची तपासणी बंद करायची. बोटांनी कान बंद केले की बाहेरचा आवाज गेला, उरली फक्त शिट्टी. अशा वेळी ती मोठीच वाटणार, कुणालाही वाटेल. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकणं चांगलं असलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, घूं-घूं असं काही ना काही ऐकू आल्याचं लिहिलं. रोज सकाळी बोटांनी तुम्ही स्वतःसाठी तीच खोली तयार करता, आणि दिवसाचा पहिला निरोप मेंदूला देता की ही गोष्ट महत्त्वाची आहे, राखण कर. उठल्यावर लगेच बिछाना सोडा, बाल्कनीचं दार उघडा, रेडिओ लावा, चहाचं आधण ठेवा. हात कानाकडे गेलाच तर स्वतःला रागावू नका, हात खाली घ्या एवढंच. आवाज आज दहापैकी किती, असं रोज लिहिण्याची वहीही नको.

सुधारणा मोजायची असेलच तर महिन्यातून एकदा, १ तारखेला, आणि आवाज न मोजता त्रास मोजा. कानातल्या अशा आवाजाला टिनिटस म्हणतात. त्यासाठी टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे मिळते. ‘हो’ला ४ गुण, ‘कधी कधी’ला २, ‘नाही’ला शून्य, बेरीज शंभरपैकी. १६ पर्यंत नगण्य, ३६ पर्यंत सौम्य, ५६ पर्यंत मध्यम, ७६ पर्यंत तीव्र, त्यापुढे अतितीव्र. पत्रावरून तुमचा आकडा आज साठीच्या आसपास असावा असं वाटतं. तो दोन-तीन महिन्यांत वीसने उतरला तर आवाज तेवढाच वाटत असला तरी तुम्ही बऱ्या होत आहात. इथेच बरेच जण फसतात. आवाज तोच आहे म्हणून उपाय लागू पडत नाही असं ठरवतात आणि सहाव्या आठवड्यात सोडून देतात, जेव्हा झोप सुधारायला नुकती सुरुवात झालेली असते.

रात्रीचं बघू. खिडक्या बंद, पंखा बंद, गल्ली शांत आणि तुम्ही एकट्या शिट्टीबरोबर, हे चित्र मोडायचं. खोलीत रात्रभर हलका आवाज हवा : पावसाचा, वाहत्या पाण्याचा किंवा साधा टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून. मोबाइलवरून लावणार असाल तर फोन विमान मोडवर टाका आणि छोटा स्पीकर उशीपासून तीन-चार फुटांवर ठेवा. इअरफोन घालून झोपू नका. आवाज किती? शिट्टी पूर्ण बुडेल इतका नको. आधी अगदी कमी ठेवा, हळूहळू वाढवा, आणि पाऊस व शिट्टी दोन्ही ऐकू येताहेत, पण शिट्टीची धार थोडी बोथट झाली, असं वाटेल तिथे थांबा. पूर्ण बुडवली तर त्या वेळेपुरतं बरं वाटतं, पण जे ऐकूच येत नाही त्याची सवय मेंदूला कशी होणार? टायमर लावू नका. तासाभराने पाऊस थांबला की अडीच वाजता तुम्ही पुन्हा शांततेत जाग्या होता, आणि ती शांतता फार अंगावर येते. गाणी, बातम्या, प्रवचन रात्री नको. शब्द आले की मन त्यांच्या मागे धावतं.

अडीचला जाग आलीच तर घड्याळ बघायचं नाही. साधारण वीस मिनिटं गेली असं वाटलं आणि झोप येत नसली तर उठून बाहेरच्या खोलीत बसा, मंद दिवा लावा, कपड्यांच्या घड्या घाला किंवा आधी वाचलेलं काही चाळा, आणि डोळे जड झाले की परत या. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच, रविवारीसुद्धा. दुपारची झोप काही आठवडे बंद. पहिला आठवडा कठीण जातो, थकवा वाढतो. चौथ्या आठवड्यापर्यंत निभावलंत तर बहुधा झोपच आधी परत येते, त्रास मागाहून उतरतो. चहा-कॉफी पूर्ण सोडायची गरज नाही. ती सोडल्याने शिट्टी कमी होते असा भक्कम पुरावा नाही आणि एकदम सोडली की डोकं दुखतं. दुपारी तीननंतर घेऊ नका, झोपेसाठी.

इअरप्लगबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. भांड्याचा आवाज सहन न होणं ही मूळ इजा नाही, ती बरीचशी प्लगमुळे आली आहे. दिवसभर कान झाकले की मेंदूला आवाज कमी पोचतो आणि तो बटण आणखी वर नेतो. ऐकणं चांगलं असलेल्या लोकांना दोन आठवडे प्लग घालायला लावले तर त्यांनाही साधे आवाज मोठे वाटू लागतात, हे प्रयोगात दिसलंय. प्लग काढल्यावर ते हळूहळू पूर्ववत झाले. तुमचंही होईल, पण एका दिवसात सगळे काढू नका. पहिले दहा दिवस घरात प्लग नाही, त्याऐवजी खोलीत पंखा किंवा पावसाचा हलका आवाज. भांडी लावताना आवाज होणारच, होऊ द्या. लागलंच तर ओट्यावर टॉवेल अंथरा, पण कान उघडे. पुढचे दहा दिवस बँकेतही नाही. त्यानंतर रस्त्यावर, बसमध्ये, मंडईत नाही. मिक्सर दोन मिनिटं चालतो, त्याने कान जात नाहीत. प्लग खिशात हवेत ते लग्नाच्या बँडसाठी, डीजेसाठी, फटाक्यांसाठी, ड्रिल मशीनसाठी. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय, म्हणजे आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे. तिथे प्लग घाला, इतरत्र नको. कापसाचे बोळे मात्र कायमचे टाकून द्या. डीजेसमोर ते जवळपास निरुपयोगी आहेत आणि त्यांचे तंतू आत राहतात.

तेलही बंद. पडद्याला भोक असेल तर तेल मधल्या कानात जातं आणि संसर्ग होतो, आणि इजा ज्या आतल्या कानात आहे तिथे तेल कधी पोचत नाही. आईंनी काळजीपोटी घातलं, त्यांना दोष देऊ नका. यापुढे नको एवढंच सांगा.

गोळ्यांबद्दल. टिनिटस बरा करणारं म्हणून मान्यता मिळालेलं औषध आज जगात कुठेही नाही. बीटाहिस्टिन मेनिएर या आजारातल्या चक्करीसाठी देतात. तुम्हाला चक्कर नाही, आणि नुसत्या कानातल्या आवाजावर तिचा उपयोग दिसलेला नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘ही चालू ठेवायची का’ असं सरळ विचारा. गिंको स्वतःहून घेताय, तो आजच थांबवा : उपयोग सिद्ध नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतला तर रक्तस्रावाचा धोका असतो. बी-१२ रक्तात खरोखर कमी असेल तरच भरून काढायचं. शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा कमी निघतं, म्हणून तपासणं योग्यच. पण पातळी नीट असताना इंजेक्शन घेऊन शिट्टी जात नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तदाब एकदा बघून घ्या, हे तीन बिघडले की कानातला आवाज वाढलेला आढळतो. आणि अंगदुखीसाठी ॲस्पिरिन जास्त डोसमध्ये घेऊ नका, तीही कानात आवाज आणते.

तीन आठवडे थांबल्याची टोचणी पत्रात दोनदा आली आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. अचानक ऐकू कमी झालं तर स्टिरॉइडचा कोर्स असतो, तो पहिल्या दोन आठवड्यांत, जमल्यास पहिल्या ७२ तासांत सुरू झालेला बरा. हे इतर वाचकांनी लक्षात ठेवावं : सकाळी उठल्यावर एक कान बंद झालेला वाटला तर ‘सर्दीने असेल’ म्हणून आठवडा घालवू नका. पण मोठ्या आवाजाने झालेल्या इजेत या कोर्सने नक्की फरक पडतो असा ठाम पुरावा नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेला असतात तर शिट्टी नसती, असं कुणीही म्हणू शकत नाही.

एमआरआय करा, याच महिन्यात. डॉक्टरांनी तो का सांगितला हे कुणी तुम्हाला नीट समजावलेलं दिसत नाही. मिरवणुकीचा आवाज साधारण दोन्ही कानांवर सारखा पडतो. तुमची तूट आणि शिट्टी एकाच बाजूला आहे, त्याला ताशाच कारणीभूत असेल, शेजारचा ढोल त्या बाजूला असेल, पण ते गृहीत धरून चालत नाही. बघायचं असतं ते ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर व्हेस्टिब्युलर श्वानोमा नावाची गाठ आहे का. बहुसंख्य लोकांचा हा एमआरआय स्वच्छ निघतो. निघालीच तरी ती गाठ कॅन्सरची नसते, फार हळू वाढते, आणि लहान असेल तर अनेकदा फक्त सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा बघतात. आज तुम्हाला रोज छळतोय तो न केलेला एमआरआय. मशीन स्वतः प्रचंड आवाज करतं, शंभर डेसिबलच्या वरही जातं, म्हणून वेळ घेतानाच सांगून ठेवा : ‘कानात आवाजाचा त्रास आहे, फोमचे प्लग आणि वरून हेडफोन दोन्ही हवेत.’ प्लग टेबलवर आडवं होण्याआधी, बसलेलं असतानाच घाला. तपासणी अर्ध्या तासाच्या आसपास चालते. चित्र जास्त स्पष्ट यावं म्हणून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी मूत्रपिंडांचं काम बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगू शकतील. त्या रात्री शिट्टी थोडी वाढली तर घाबरू नका.

त्याच आठवड्यात ऑडिओमेट्री, म्हणजे ती ऐकण्याची तपासणी, पुन्हा करून घ्या, पहिलीला आठ महिने झाले. या वेळी ३००० आणि ६००० हर्ट्झही तपासा असं आधीच सांगा. नेहमीच्या तपासणीत २००० वरून ४००० आणि तिथून ८००० वर उडी मारतात, त्यात खड्ड्याचा खरा तळ कधी कधी सुटतो. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली ऑडिओलॉजिस्ट आहे का ते विचारा. दुकानात ‘फुकट तपासणी’ करून लगेच मशीन पुढे करणाऱ्यांपासून दूर राहा. पुण्यात ससूनच्या ईएनटी बाह्यरुग्ण विभागात किंवा धनकवडीला भारती विद्यापीठाच्या ऑडिओलॉजी विभागात कमी खर्चात चौकशी करता येईल.

श्रवणयंत्र सुचवलं तर दचकू नका आणि लगेच विकतही घेऊ नका. ऐकण्याची तूट असेल तिथे यंत्राने शिट्टीचा त्रास उतरताना दिसतो, कारण त्या पट्टीला बाहेरचा आवाज पुन्हा मिळतो. तुमची तूट मात्र एकाच पट्टीत आहे. काहींना फरक पडतो, काहींना नाही. म्हणून दोन-तीन आठवडे वापरून बघण्याची मुदत मागा. यंत्राचं कानात बसणारं टोक उघड्या प्रकारचं हवं, कानाची नळी पूर्ण बंद करणारं नको. बंद टोकाने स्वतःचा आवाज घुमतो आणि शिट्टी उलट वाढल्यासारखी वाटते.

त्रास उतरवण्यासाठी ज्याला सगळ्यात भक्कम आधार आहे ते म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याचं समुपदेशन, सीबीटी. साधारण आठ-दहा बैठका. यात शिट्टी कमी होत नाही, तिच्याभोवतीची भीती कमी होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना ‘झोप आणि टिनिटस’ असं स्पष्ट सांगा. तोवर घरी एवढं करा. वहीत मधे रेघ मारून डावीकडे मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा : ‘आज रात्री झोप लागली नाही तर उद्या काउंटरवर चूक होईल.’ उजवीकडे फक्त जे घडलंय ते : ‘गेल्या महिन्यात इतक्या रात्री जागले, कॅश चुकली का? एकदाही नाही.’ उजवीकडे धीराची वाक्यं भरू नका, ती मनाला खोटी वाटतात. दुसरं, दिवसातून दोनदा पाच मिनिटं लक्ष हलवण्याचा सराव : अर्धा मिनिट पंख्याचा आवाज, अर्धा मिनिट तळपाय, अर्धा मिनिट शिट्टी, मग पुन्हा पंखा. शिट्टीकडे मुद्दाम जायचं आणि मुद्दाम परत यायचं. टाळण्याने जे होत नाही ते यात होतं, लक्ष तुमच्या हातात येतं.

जबडा घट्ट आवळून किंवा मान वळवून शिट्टीचा सूर बदलतो का, हे डॉक्टरांसमोर एकदा करून बघा. अनेकांचा बदलतो. जबड्याचा सांधा दुखत असेल, रात्री दात खात असाल, तर दंतवैद्याकडून नाइट गार्ड आणि मानेचे व्यायाम यांनी थोडा दिलासा मिळू शकतो.

घरच्यांना दोन विनंत्या करा. ‘आज आवाज कसा आहे?’ असं विचारू नका, ही पहिली. त्या प्रश्नाने तुम्ही लगेच आत बघायला जाता. दुसरी, एका संध्याकाळी मोबाइलवर ४००० हर्ट्झचा सूर अगदी हळू लावून त्यांनी दहा मिनिटं पेपर वाचून बघावा. त्यानंतर ‘लक्ष देऊ नकोस’ हे वाक्य घरात बहुधा ऐकू येणार नाही.

शिट्टी अधूनमधून उसळेल. सर्दी झाली, दोन रात्री जागरण झालं, मंगल कार्यालयात स्पीकरजवळ बसावं लागलं, कधी काहीच कारण नसताना. ही उसळी काही तास ते काही दिवसांत उतरते. त्या दिवसांत दिनक्रम बदलू नका, नवीन गोळी शोधू नका, कान तपासू नका. दोन आठवड्यांनीही उतरली नाही, तर पुन्हा ऑडिओमेट्री. काही गोष्टींना मात्र वाट बघणं नाही : नाडीच्या ठोक्याबरोबर धप-धप येणारा आवाज, अचानक ऐकू कमी होणं, गरगरून चक्कर, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, कानातून पू किंवा रक्त. आणि रात्री कधी ‘यापेक्षा नसलेलं बरं’ असा विचार आला, तर सकाळची वाट न बघता घरातल्या कुणाला तरी उठवा आणि १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. ती सरकारी सेवा चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता ताशा. कारखान्यांसाठी वापरतात तो हिशेब असा : ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं, १०६ ला चार मिनिटंसुद्धा नाही. पथकाच्या मधोमध आवाज शंभरच्या पुढे असतो आणि मिरवणुकीत तुम्ही तिथे तासन् तास असता. त्यात ताशाचा प्रत्येक घाव टोकदार आणि वरच्या पट्टीतला, आणि लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारती तो परत फेकतात. आठ वर्षं कान टिकले हेच विशेष.

फोमचे प्लग नीट बसले तर वीस डेसिबलच्या आसपास कमी करतात. ‘नीट’ म्हणजे कोरड्या, स्वच्छ बोटांनी प्लग वळून उदबत्तीसारखा बारीक करायचा, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तीस-चाळीस सेकंद बोटाने दाबून धरायचा. आरशात समोरून बघितल्यावर तो बाहेर डोकावत असेल तर बसलेला नाही. बहुतेक वादक तो न वळताच कानाच्या तोंडाशी कोंबतात, आणि घाम आला, जयघोष करताना जबडा हलला की तो सैल होतो. वाजवायला मधे जागा नसते, कुणी परत बसवत नाही.

म्हणून या वर्षी मिरवणुकीत वादन नको, प्लग घालूनही नको. झांजही नको, ती ताशाइतकीच टोकदार. पुढच्या वर्षीचा निर्णय सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन ऑडिओमेट्री सारख्या आल्या तर, आणि कानाचा साचा घेऊन बनवलेले, २५ डेसिबलचं फिल्टर बसवलेले वादकांचे प्लग हातात असतील तरच घ्या. साचा ऑडिओलॉजिस्ट घेतात. या प्लगमध्ये सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या कमी होतात, त्यामुळे बोल पुसट होत नाहीत आणि प्लग काढायचा मोह होत नाही.

तालमीला जाणं मात्र बंद करू नका, पथक सुटलं तर मन आणखी शिट्टीपाशीच जाऊन बसेल. पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका. नदीपात्रात मोकळ्यावर तालीम असेल तर लांब थांबा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे पाच मीटरवरून चाळीसवर गेलात तर अठराने. आणि नवीन मुलींना ताशाचे हात शिकवायचं काम मागून घ्या, ताशावर नाही, फळीवर चिकटवलेल्या जाड रबराच्या तुकड्यावर. तिथे काड्यांचा आवाज टाळ्यांपेक्षाही कमी असतो. रोज पंधरा-वीस मिनिटं त्या रबरावर हात चालवायला आजपासून हरकत नाही, कानात प्लग न घालता.